उपकारस्तुतीचा रियाज



दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७:११-१९) आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. दहा जण बरे झाले, एकच परत आला आणि तोही शोमरोनी. या उताऱ्यावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा उरलेल्या नऊ जणांना फैलावर घेतो. पण उतारा सावकाश वाचला तर आणखी एक तपशील लक्षात येतो. परत आलेला तो मनुष्य मोठ्या आवाजात देवाचे गौरव करीत आला. येशूच्या पायाशी पोहोचण्याआधी, वाटेवरच त्याचा आवाज सुरू झाला होता. थोड्या वेळापूर्वी याच दहा जणांनी दूर उभे राहून आवाज चढवून दयेची याचना केली होती. म्हणजे आवाज दहाही जणांकडे होता. मागताना सर्वांचा चढला, आभार मानताना एकाचाच.

आपल्या चर्चमध्ये काय होते? बुधवारच्या नोव्हेनाला विनवण्या सुरू झाल्या की भिंती दणाणतात. रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरचे आभारगीत सुरू झाले की गायकवृंदातले सहा-सात आवाज तेवढे ऐकू येतात. बाकीचे आपण ते गीत ऐकतो. काही जण पार्किंगमधल्या स्कूटरची चावी शोधू लागतात. त्या सहा-सात आवाजांतही पंचविशीच्या आतला एकही नाही. मुलांचा गायनवर्ग बंद पडून काही वर्षे झाली. तो पुन्हा सुरू करावा म्हणून गेल्या महिन्यात मी घरोघरी गेलो, तेव्हा शिकवणीच्या वेळा, परीक्षा ही कारणे अपेक्षितच होती. पण एका आईने अगदी प्रामाणिकपणे विचारले, "फादर, त्या गाण्यांचा अर्थ तरी या वयात त्याला कळणार आहे का? मोठा होऊ दे, समजून-उमजून गाईल." हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

आजीचे लॅटिन

माझी आजी दुसरीपर्यंत शिकलेली. मराठी वाचायची, तेही ओळीखाली बोट ठेवून. वसईत आमच्या वाडीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी जपमाळ होई आणि ती संपली की आजी 'साल्वे रेजिना' पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत लॅटिनमध्ये गाई. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाचे 'तान्तुम एर्गो' तर तिला झोपेतून उठवून विचारले तरी आले असते. तिच्या तोंडी ते लॅटिन आमच्या बोलीसारखेच लागे. मी सात-आठ वर्षांचा असताना तिला विचारले, "आजी, याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली, "अर्थ फादरला ठावा. मला एवढं ठावं, की हे साक्रामेंतापुढं गुडघं टेकून गायाचं."

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान शिकताना संत थॉमस ॲक्वायनस यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथाशी गाठ पडली. या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात ९१ वा प्रश्न देवाच्या स्तुतीविषयी आहे. स्तुतीसाठी गायन वापरावे का, असे संत थॉमस तिथे विचारतात आणि आपल्या पद्धतीप्रमाणे आधी विरुद्ध बाजूचे सर्व आक्षेप मांडतात. त्यातला एक आक्षेप त्या आईच्या प्रश्नासारखाच आहे: गाण्याच्या नादात शब्दांच्या अर्थाकडे दुर्लक्ष होते आणि ऐकणाऱ्यांनाही शब्द नीट कळत नाहीत. त्यावर संत थॉमस यांचे उत्तर थोडक्यात असे, की काय गायले जात आहे हे लोकांना कधी कधी कळत नसेल, पण कशासाठी गायले जात आहे हे त्यांना कळते. देवाच्या स्तुतीसाठी हे चालले आहे, एवढे कळले तरी भक्तिभाव जागा व्हायला ते पुरे आहे.

हे वाचताना मला आजी आठवली. तेराव्या शतकातल्या त्या महापंडिताने जे लिहून ठेवले, तेच ती दुसरी शिकलेली बाई क्रूसाजवळ बोलून गेली होती. आणखी गंमत म्हणजे 'तान्तुम एर्गो' ही संत थॉमस यांचीच रचना मानली जाते. पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली ख्रिस्तशरीराचा सण सार्वत्रिक केला, त्या सणासाठी लिहिलेल्या स्तोत्राची ती शेवटची दोन कडवी. आजीला या थॉमसचे नावही माहीत नव्हते. (त्याच प्रश्नात संत थॉमस उपासनेतील वाद्यांविषयी मात्र फारसे अनुकूल बोलत नाहीत. आपली हार्मोनियम आणि तबला त्यांना कितपत रुचले असते, याची मला शंका आहे.)

याचा अर्थ अर्थाची गरज नाही असा कोणी घेऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात भाविकांच्या जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागावर भर दिला आणि मातृभाषेचे दार उघडले. मराठीतून मिस्सा गाणे हे आपल्या पिढीला मिळालेले मोठे दान आहे. खरे तर मराठीला हे नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते ओवीत रचले, कारण ओवी गाता येते. इथले लोक कथा गाऊन लक्षात ठेवतात, हे त्या इंग्रज जेज्वीटाने ओळखले होते. तीनशे वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. ते प्रॉटेस्टंट होते, पण त्यांची पदे गाताना कॅथोलिकांच्या कंठाला कधी अडचण आली नाही.

मुद्दा एवढाच, की मुलाला अर्थ येण्याची वाट पाहत गाणे अडवून ठेवायचे नसते. मूल 'आई' म्हणायला शिकते तेव्हा आई म्हणजे काय हे त्याला कुठे कळलेले असते? ते म्हणत जाते आणि म्हणता म्हणता कळत जाते.

पायपेटी आणि मास्तर

मी गायला शिकलो ते आमच्या चर्चच्या माळ्यावर. तिथे एक जुनी पायपेटी होती. पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे. माझे पाय भात्यापर्यंत पोहोचत नसत, म्हणून दुसरा एक मुलगा खाली बसून हातांनी पायट्या दाबी. त्याचे लक्ष उडाले की सूर मध्येच मान टाकी. शिकवणारे मास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शनिवारी दुपारी सायकलवरून येत, घामाने भिजलेला सदरा खिडकीत वाळत टाकत आणि बनियनवरच शिकवायला बसत. त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. एका वहीत त्यांच्या गोवेकर गुरूंनी शिकवलेले 'दो-रे-मी', दुसरीत भजनाच्या चालींचे 'सा-रे-ग-म'. आम्हांला दोन्ही लिहून घ्यावे लागे.

या 'दो-रे-मी'ची गोष्ट त्यांनीच आम्हांला पहिल्यांदा सांगितली. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सो गावी ग्विदो नावाचे मठवासी होते. गायकवृंदातली मुले वर्षानुवर्षे घोकंपट्टी करतात आणि तरी नवे गीत पाहून त्यांना गाता येत नाही, हे पाहून त्यांनी एक युक्ती काढली. संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाचे एक लॅटिन स्तोत्र होते. त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होई. ग्विदो यांनी ओळींची पहिली अक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. 'उत'चे पुढे 'दो' झाले. मग मुले थोड्या दिवसांत अनोळखी गीते गाऊ लागली. सगळ्या जगाचे सूर मोजणारी ही नावे चर्चच्या माळ्यावरच्या मुलांसाठी जन्माला आली आणि तीही एका योहानाच्या सणाच्या गीतातून. याच योहानाचे वडील जखऱ्या मुके झाले होते आणि बोलू लागले तेव्हा त्यांच्या तोंडून पहिली देवाची स्तुतीच बाहेर पडली (लूक १:६४). मास्तर हा संबंध जोडून सांगत आणि मग आमच्याकडे पाहून म्हणत, "तुम्ही मुके नाही, तरी तोंड उघडत नाही."

पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हांला फक्त 'सा' लावायला लावला. गाणे नाही, शब्द नाहीत. कंटाळून दोन मुले यायची थांबली. चौथ्या शनिवारी पहिले गीत आले आणि तेही आभाराचे. गीत सुरू करण्याआधी मास्तरांचा एक प्रश्न ठरलेला असे: "आज कशाबद्दल गायचं?" प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची. आमची उत्तरे काय असणार? गाय व्याली. विहिरीला पाणी आलं. गणिताचे सर आले नाहीत. मास्तर कोणतेही उत्तर नाकारीत नसत, गणिताच्या सरांचेसुद्धा. एकदा एका मुलाने मान खाली घालून सांगितले, "माझ्याकडं काही नाही." त्याच्या घरी काय चालले होते ते सगळ्या वाडीला ठाऊक होते. मास्तर म्हणाले, "बरं. मग आज तू नुसता 'सा' धर. शब्द आम्ही म्हणतो." आणि त्या दिवशी आमच्या गीताखाली त्याचा 'सा' शेवटपर्यंत राहिला.

ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात सद्गुण कसे अंगी येतात हे सांगताना उदाहरण वाद्याचेच देतो. लायर वाजवूनच माणूस लायरवादक होतो. तसाच न्यायाची कृत्ये करून तो न्यायी होतो. आधी आत न्यायबुद्धी पूर्ण तयार झाली आणि मग कृत्ये बाहेर पडली, असा क्रम नाही. संत थॉमस कृतज्ञतेला न्यायाच्याच घराण्यातला सद्गुण मानतात आणि तिच्या पायऱ्या सांगतात (सुम्मा, प्रश्न १०७): उपकार ओळखणे, ते बोलून दाखवणे आणि जमेल तेव्हा परतफेड करणे. मास्तरांच्या प्रश्नात पहिली पायरी होती, गीतात दुसरी. तिसरीबद्दल ते बोलत नसत. पण वर्गानंतर माळा झाडायचा आणि खालच्या बाकांवरची गीतांची पुस्तके गोळा करायची, हे काम आमच्याकडे असे.

गुरूचे उपकार गाण्यातून फेडल्याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेले आहे, फक्त ते उदाहरण आहे हे आपल्याला ठाऊक नसते. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटात नायक आपले पूर्ण नाव सांगत गातो ते गाणे आठवा. अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे खरोखरचे व्हायोलिनवादक होते, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तिथल्या चर्चचे गायकवृंदप्रमुख होते आणि मुलाचे पहिले धडे त्यांच्याकडेच झाले. मुंबईत त्यांनी अनेकांना व्हायोलिन शिकवले. त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल हे त्यांचेच विद्यार्थी. चर्चच्या माळ्यावर सुरू झालेली ती विद्या कुठवर गेली आणि शिष्याने गुरूचे नाव देशभराच्या ओठांवर कसे ठेवले, ते पाहा.

आभार मानवत नसतील तेव्हा

आता अवघड भागाकडे येतो. गाय व्याली, विहिरीला पाणी आले, तोवर उपकारस्तुती सोपी असते.

मी नववीत असताना भर पावसाळ्यात माझे वडील वारले. आजारपण जेमतेम दोन आठवड्यांचे. अंत्यविधीच्या मिस्साला पायपेटीवर मीच बसलो, कारण त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते आणि मलाही खाली पहिल्या बाकावर बसवत नव्हते. ख्रिस्तशरीर वाटून होत आले तेव्हा मास्तर माळ्याच्या कठड्याशी गेले आणि त्यांनी खाली माझ्या आईकडे पाहिले. आभारगीत घ्यायचे की नाही, हे ते तिला विचारत होते. आईने मान हलवली, घ्या म्हणून. मी स्वर दिला. शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी फक्त 'सा' धरून ठेवला. वर मास्तर आणि मुले गायली आणि खाली चर्चभर लोक गायले: आमच्या वाडीचे, शेजारच्या वाडीचे, दादरच्या बाजारात वडिलांसोबत केळी घेऊन जाणारे. त्या सर्वांनी आमच्या घराच्या वतीने देवाचे आभार मानले. आम्हांला त्या दिवशी ते जमण्यासारखे नव्हते.

ते आभार कशाचे होते, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळू लागले आणि त्यात संत ऑगस्टीन यांची मदत झाली. 'कन्फेशन्स'च्या नवव्या पुस्तकात ते आई मोनिका हिच्या मृत्यूची हकिकत लिहितात. ३८७ साली ओस्तिया बंदरात, आफ्रिकेला परत निघाले असताना ती वारली. तिने प्राण सोडला तेव्हा ऑगस्टीन यांचा मुलगा हंबरडा फोडून रडू लागला. त्याला शांत केल्यावर त्यांचे मित्र एवोदियस यांनी स्तोत्रसंहिता हातात घेतली, एक स्तोत्र सुरू केले आणि सारे घर त्याला साथ देऊ लागले. ऑगस्टीन मात्र आतून गोठलेले होते. दफन झाले, प्रार्थना झाल्या, तरी डोळ्यांत पाणी नाही. रात्री झोपून उठल्यावर अंथरुणात एकटेच असताना त्यांना संत अम्ब्रोज यांचे एक गीत आठवले, मिलानच्या चर्चमध्ये ऐकलेले. त्यानंतर हळूहळू त्यांचे रडू मोकळे झाले.

मिलानला ही गीते कशी रुजली, तेही त्याच पुस्तकात आहे. ३८६ साली सम्राटाची आई युस्तिना हिने बिशप अम्ब्रोज यांचा छळ मांडला, तेव्हा लोक आपल्या बिशपसोबत मरायची तयारी ठेवून चर्चमध्ये रात्रंदिवस जागत होते. दुःखाने ते खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडच्या रीतीप्रमाणे स्तोत्रे आणि गीते गायचा प्रघात तिथे सुरू झाला. एका संकटात लोकांना धीर देणारे गीत दुसऱ्या वर्षी एका मुलाला आईसाठी रडता यावे म्हणून उपयोगी पडले. पण ते आधी कानात आणि कंठात असावे लागते. दुःखाच्या रात्री कोणी नवे गीत शिकत नाही.

आपल्या प्रभूनेही तेच केले. ज्या रात्री त्याला धरून दिले, त्या रात्री त्याने भाकर घेऊन आभार मानले. 'युखरिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते सर्व जैतुनांच्या डोंगराकडे गेले (मार्क १४:२६). वल्हांडणाच्या यहुदी रिवाजाप्रमाणे ती बहुधा ११३ ते ११८ या स्तोत्रांपैकी असावीत, म्हणजे लहानपणी योसेफ आणि मरियेच्या घरी शिकलेलीच. गेथशेमाने बागेतला घाम अजून पुढे होता. पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गायिली ती गीतेही (प्रेषितांची कृत्ये १६:२५) त्यांनी तिथे बसून रचली नसणार.

याचबरोबर पवित्र शास्त्र गाण्याची सक्ती करत नाही, हेही सांगायला हवे. १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नदीकाठी बसलेले बंदिवान वाद्ये झाडाला टांगून ठेवतात आणि गायला नकार देतात. त्यांचा तो नकारसुद्धा आपण स्तोत्र म्हणूनच गातो! ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांची नोकरी गेली आहे, ज्यांचा मुलगा घरी बोलेनासा झाला आहे, त्यांनी रविवारी आभारगीताला ओठ मिटून बसावे. कोणी त्यांच्याकडे वळून पाहू नये. त्यांच्या वाटचे आपण गायचे आहे. पण त्यासाठी बाकीच्यांचे ओठ उघडे हवेत. सगळेच चर्च गप्प बसले तर त्या बाईच्या वाटचे कोण गाणार?

म्हणूनच अलीकडे अंत्यविधीच्या वेळी पेनड्राइव्हवरून गीते लावण्याची जी विनंती येते, ती मी मान्य करत नाही. काही कुटुंबे त्यामुळे नाराज आहेत, याची मला कल्पना आहे. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या सूचनापत्रात उपासनेच्या वेळी ग्रामोफोनसारखी यंत्रे लावायला मनाई केली होती. पण माझे कारण नियमाचे नाही. पेनड्राइव्हमधला गायक उत्तम असेल, पण तो मृताला ओळखत नाही. बेसूर का होईना, शेजाऱ्याने गायलेले बरे.

मुलांच्या गायनवर्गाविषयी

तिसरीपासून पुढच्या मुलामुलींसाठी गायनवर्ग येत्या शनिवारपासून संध्याकाळी ५ वाजता चर्चच्या माळ्यावर सुरू होईल. शुल्क नाही. आपल्या चर्चची पायपेटी दुरुस्त होऊन आली आहे. तिचे दोन स्वर अजून रुसतात, पण काम चालेल. आई-वडिलांना सोबत बसायचे असेल तर अवश्य बसावे, मात्र गावे लागेल. 'आज कशाबद्दल गायचं?' हा प्रश्न दर शनिवारी विचारला जाईल, तेव्हा मुलांनी एक उत्तर घरून आणावे. मोठ्यांनी ते शिकवून पाठवू नये. पहिले तीन आठवडे फक्त 'सा' होईल, तेव्हा गीत कधी बसवणार असे फोन करून विचारू नये. सोबत शंभर पानी वही आणि पेन्सिल आणावी.

आपला,
फादर